एकाच डब्याचे ब्रेक पुन्हा पुन्हा का धरतात? एअर ब्रेकमधील ब्रेक बाइंडिंगचे निदान

रेक (गाडीच्या डब्यांचा संच) मुक्कामी येतो, पिट लाइनवर (डब्यांखाली उतरून तपासणी करण्याच्या मार्गावर) लागतो आणि नोंदवहीत तीच ओळ पुन्हा वाचायला मिळते : अमुक डब्याचे ब्रेक वाटेत धरले, मॅन्युअल रिलीज करून गाडी पुढे काढली. पिटवर डब्याची तपासणी होते, ब्रेक नीट लागतात, नीट सुटतात, डबा ‘ठीक’ म्हणून बाहेर पडतो आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर तीच नोंद परत येते. डब्यांची देखभाल करणाऱ्या कॅरेज ॲण्ड वॅगन विभागात काम केलेल्या जवळपास प्रत्येकाला हा अनुभव आलेला असेल. ब्रेक सोडल्यावरही तो धरून राहण्याचा हा दोष, म्हणजेच ब्रेक बाइंडिंग, बहुतेक वेळा शोधायला फारसा अवघड नसतो. परंतु गाडीचा खोळंबा टाळण्याच्या घाईत डब्यातली हवा सोडणारे मॅन्युअल रिलीजचे हँडल ओढले जाते आणि त्याच क्षणी दोषाचा पुरावाही हवेबरोबर निघून जातो. म्हणून हँडल ओढण्यापूर्वी काय पाहावे आणि त्यावरून काय ठरवावे, यावरच येथे अधिक लिहिले आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण ती नीट समजली की अर्धे निदान तिथेच होते. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये एअर ब्रेकचे पेटंट घेतले तेव्हा ब्रेक लावण्यासाठी इंजिनातून हवा थेट सिलिंडरांकडे पाठवली जात असे. पाइप फुटला किंवा गाडी तुटली तर, म्हणजे ब्रेकची सर्वाधिक गरज असेल नेमक्या त्याच वेळी, ब्रेक नाहीसा होत असे. १८७२ मध्ये त्यांनी हा क्रम उलटा केला. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी ठेवायची, गाडीभर जाणारा ब्रेक पाइप सतत भरलेला ठेवायचा आणि त्या पाइपातला दाब उतरला की डब्याने आपल्याच टाकीतली हवा वापरून ब्रेक लावायचा, अशी ती रचना होती. भारतीय रेल्वेवर दीर्घकाळ व्हॅक्यूम ब्रेक होते आणि १९८० च्या दशकापासून त्यांची जागा एअर ब्रेकने घेतली. मात्र दाब उतरला की ब्रेक लागतो, हे तत्त्व आजही तेच आहे.

आपल्या प्रवासी गाड्यांत इंजिनाच्या मुख्य टाकीत साधारण ८ ते १० किलो दाबाची हवा असते (येथे किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो). तेथून ब्रेक पाइपात ५ किलो आणि फीड पाइपात ६ किलो दाब राखला जातो. डब्याखाली डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह म्हणजे डीव्ही, प्रत्यक्ष ब्रेकसाठी हवा पुरवणारी ऑक्झिलरी रिझर्व्हॉयर ही मोठी टाकी, कंट्रोल रिझर्व्हॉयर ही छोटी टाकी आणि ब्रेक सिलिंडर असतात. यांपैकी कंट्रोल रिझर्व्हॉयरकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि ब्रेक बाइंडिंगच्या अनेक प्रकरणांचे मूळ तिथेच असते. ब्रेक पाइप भरलेला असताना त्यातला दाब या छोट्या टाकीत साठतो आणि ब्रेक लागण्याच्या काळात तो तसाच कोंडून राहतो. डीव्हीला तराजू मानले तर एका पारड्यात कंट्रोल रिझर्व्हॉयरचा दाब हे माप असते आणि दुसऱ्या पारड्यात ब्रेक पाइपाचा दाब असतो. लोको पायलटने ब्रेक पाइपातला दाब उतरवला की या दोहोंत जेवढा फरक पडतो, त्याच्या प्रमाणात डीव्ही सिलिंडरात हवा सोडतो. सुमारे १.५ किलोची घट झाली की जुन्या पद्धतीच्या आयसीएफ डब्याच्या सिलिंडरात ३.८ किलो हा कमाल दाब येतो; नव्या, डिस्क ब्रेकच्या एलएचबी डब्यात हीच मर्यादा ३ किलो आहे.

ब्रेक सुटतानाही हाच तराजू काम करतो. वेस्टिंगहाउस यांच्या ट्रिपल व्हॉल्व्हमध्ये पाइपाचा दाब थोडा वाढला की ब्रेक पूर्ण सुटत असे. आपले डीव्ही ग्रॅज्युएटेड रिलीज प्रकारचे आहेत, म्हणजे पाइपाचा दाब जेवढा वाढेल तेवढाच ब्रेक सैल होतो. भोर घाटात किंवा थळ घाटात १:३७ चा उतार उतरताना ब्रेक थोडा सोडून पुन्हा थोडा लावता येणे किती मोलाचे असते, हे तिथे गाडी चालवणाऱ्यांना सांगावे लागत नाही. मात्र या सोयीबरोबर एक अटही येते. पाइपाचा दाब कंट्रोल रिझर्व्हॉयरमधल्या दाबाच्या अगदी जवळ पोहोचल्याखेरीज ब्रेक पूर्ण सुटत नाही. मापाचे वजनच जड असेल, तर दुसऱ्या पारड्यात बरोबर ५ किलो टाकूनही काटा मध्यावर येत नाही.

आता निदानाकडे वळू. गाडी थांबली, एका डब्याच्या चाकांतून धूर येत आहे, जळका वास सुटला आहे. गाडीच्या खाली किंवा दोन डब्यांच्या मध्ये जाण्यापूर्वी लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर (गार्ड) यांना कळवून गाडी हलणार नाही याची खात्री करून घ्यावी, आणि शेजारच्या रुळाच्या बाजूने उतरू नये. त्यानंतर पहिला प्रश्न असा विचारावा, की ब्रेक फक्त याच डब्याचे धरले आहेत, की अनेक डब्यांचे? शेजारच्या दोन-दोन डब्यांची चाके पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही, पण पुढचा सगळा तपास या उत्तरावर ठरतो.

दुसरा प्रश्न याहूनही महत्त्वाचा आहे : ब्रेक सिलिंडरात हवा आहे का? जुन्या आयसीएफ डब्यात ब्रेक सिलिंडर अंडरफ्रेमला असतात आणि पिस्टन रॉड बाहेर आलेला आहे की आत गेलेला, हे वाकून पाहिले तरी दिसते. एलएचबी डब्याच्या दोन्ही बाजूंना ब्रेक इंडिकेटर असतात. लाल दिसला तर सिलिंडरात हवा आहे, हिरवा दिसला तर नाही. पिस्टन बाहेर आहे किंवा इंडिकेटर लाल आहे, याचा अर्थ हवा अडकलेली आहे आणि दोष दाबाच्या बाजूला शोधायचा आहे. पिस्टन आत आहे किंवा इंडिकेटर हिरवा आहे आणि तरीही ब्लॉक चाकाला किंवा पॅड डिस्कला घट्ट चिकटलेले आहेत, याचा अर्थ डीव्हीने आपले काम केलेले आहे आणि दोष लोखंडी जोडणीत आहे. मॅन्युअल रिलीजचे हँडल ओढले की कंट्रोल रिझर्व्हॉयर रिकामी होते, सिलिंडरही रिकामा होतो आणि मग या दोन प्रकारांत भेद करण्याचा मार्गच उरत नाही. नोंदवहीत ‘ब्रेक बाइंडिंग, रिलीज केले’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘रिलीज करण्यापूर्वी पिस्टन बाहेर’ किंवा ‘पिस्टन आत’ हे दोन शब्द जास्त लिहिले गेले, तर पिटवरच्या माणसाचे कित्येक तास वाचतील.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण माझ्यासमोर एका आयसीएफ डब्याचा डीव्ही याच एका दुर्लक्षामुळे दोनदा बदलला गेला होता. प्रत्येक वेळी काढलेला डीव्ही टेस्ट बेंचवर निर्दोष ठरला आणि प्रत्येक वेळी डबा पुन्हा तक्रार घेऊन परतला. अखेर वाटेतल्या एका स्थानकावर रिलीज करण्याआधी पाहण्याची संधी मिळाली, तेव्हा पिस्टन पूर्ण आत होता आणि ब्लॉक मात्र चाकाला टेकलेले होते. डबा पिटवर आल्यावर स्लॅक ॲडजस्टरचे (ब्लॉक झिजले की जोडणीतली ढिलाई आपोआप भरून काढणाऱ्या भागाचे) ‘ए’ माप, म्हणजे त्याची नळी आणि कंट्रोल रॉडचे टोक यांच्यातले अंतर, घेतले. ते १६ मिलिमीटर असायला हवे होते; प्रत्यक्षात ते बरेच कमी भरले, कारण कंट्रोल रॉड किंचित वाकलेला होता. हे अंतर कमी असले की स्लॅक ॲडजस्टर आवश्यकतेपेक्षा जास्त ढिलाई खेचून घेतो आणि ब्रेक सुटल्यावर ब्लॉक व चाक यांच्यात पुरेशी फट उरत नाही. रिकामा डबा पिटवर उभा असताना जेमतेम फट दिसत होती, म्हणून प्रत्येक तपासणीत तो ‘ठीक’ ठरत होता. प्रवाशांनी भरलेला डबा स्प्रिंगांवर खाली बसला की बोगीची चौकट चाकांच्या तुलनेत खाली येई आणि तेवढी फटही जाई. कंट्रोल रॉड बदलून माप बरोबर केल्यावर त्या डब्याची ही तक्रार थांबली.

म्हणून पिस्टन आत असूनही ब्रेक धरले असतील, तर डीव्हीला हात लावू नये. हँडब्रेक लागलेला राहिला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. मालगाडीत हे कारण इतके सर्रास आढळते, की वॅगन यार्डातून काढताना प्रत्येक हँडब्रेकचे चाक स्वतः फिरवून पाहणेच योग्य. त्यानंतर स्लॅक ॲडजस्टरची मापे घ्यावीत, वाकलेले पुल रॉड, गंजून घट्ट झालेल्या पिना आणि बुश, सरकलेले ब्रेक बीम हे पाहावे. वॅगनमध्ये एम्प्टी-लोड हँडल (वॅगन रिकामी की भरलेली, त्यानुसार ब्रेकचा जोर बदलणारे) कोणत्या बाजूला आहे, हेही तपासावे, कारण भाराच्या उलट बाजूला राहिलेले हँडल रिकाम्या वॅगनला भरलेल्या वॅगनचा ब्रेक देते आणि चाके घसरतात. बॉक्सएन या उघड्या मालवॅगनमध्ये पिस्टनचा स्ट्रोक रिकाम्या स्थितीत ८५ आणि भरलेल्या स्थितीत १३० मिलिमीटरच्या आसपास (दोन्हीकडे १० मिलिमीटर इकडेतिकडे) असावा लागतो; स्ट्रोक याहून फार आखूड दिसला, तर जोडणी गरजेपेक्षा ताणलेली आहे असे समजावे. एलएचबी डब्यात कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या) पिना अडकणे हे याच प्रकारचे कारण आहे.

पिस्टन बाहेर असेल, म्हणजे हवा अडकलेली असेल, तर पहिला संशय कंट्रोल रिझर्व्हॉयरच्या ओव्हरचार्जचा घ्यावा. इंजिन बदलले गेले का, किंवा हा डबा दुसऱ्या गाडीतून काढून येथे जोडला गेला का, हे विचारावे. आधीच्या इंजिनाचा ब्रेक पाइपाचा दाब ५.३ किलोवर बसवलेला असेल आणि नव्या इंजिनाचा बरोबर ५ किलो असेल, तर आधीचे ५.३ किलो कंट्रोल रिझर्व्हॉयरमध्ये कोंडलेले राहतात. वर दिलेल्या प्रमाणाने पाहिले, तर या ०.३ किलोच्या फरकामुळे आयसीएफ डब्याच्या सिलिंडरात सुमारे पाऊण किलो दाब टिकून राहतो. एवढ्या दाबाने गाडी थांबत नाही, लोको पायलटला फक्त ती किंचित जड वाटते. पण तासभर धावण्यात ब्लॉक तापून धुमसायला एवढा दाब पुरतो. संपूर्ण गाडीचे ब्रेक थोडे थोडे धरलेले असतील आणि नुकतेच इंजिन बदललेले असेल, तर कारण बहुधा हेच असते. अशा वेळी प्रत्येक डब्याचे मॅन्युअल रिलीज करणे हाच योग्य उपाय आहे, कारण त्यामुळे खोटे माप टाकून दिले जाते आणि कंट्रोल रिझर्व्हॉयर नव्या इंजिनाच्या दाबाने पुन्हा भरते. हे प्रत्येक इंजिन बदलानंतर घडत असेल, तर मात्र दोष डब्यांत नसून दोन्हींपैकी एका इंजिनाच्या गेजमध्ये किंवा दाब बसवण्यात आहे, आणि तो तिथेच दुरुस्त व्हायला हवा. डबे सोडवत बसण्याने तो कधीच जाणार नाही.

एकट्याच डब्यात हवा अडकत असेल आणि इंजिन बदललेले नसेल, तर डीव्ही व त्याच्याकडे येणारी वाट पाहावी. मॅन्युअल रिलीजनंतर कंट्रोल रिझर्व्हॉयर पुन्हा भरू द्यावी, मग ब्रेक लावून सोडायला सांगावे. प्रवासी डब्याचा सिलिंडर साधारण १५ ते २० सेकंदांत रिकामा व्हायला हवा. शेजारचे डबे सुटले आणि हा सुटला नाही किंवा फार रेंगाळला, तर डीव्हीत दोष आहे, किंवा त्याच्या एक्झॉस्टच्या वाटेत घाण आहे, किंवा ब्रेक पाइपातून डीव्हीकडे येणाऱ्या फांदीवरचा डर्ट कलेक्टर (हवेतली घाण अडवणारा भाग) तुंबलेला आहे. कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात अशा तक्रारी वाढतात, त्याला कारण आहे. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीत साठते. इंजिनावरचा एअर ड्रायर नीट काम करत नसेल, तर हे पाणी आणि पाइपांच्या आतला गंज मिळून डीव्हीच्या बारीक छिद्रांपर्यंत पोहोचतात. टाकीचा ड्रेन कॉक उघडल्यावर लालसर पाणी येत असेल, तर नुसता डीव्ही बदलून भागत नाही. टाकी रिकामी करावी, डर्ट कलेक्टर साफ करावा आणि ड्रायरची नोंद इंजिनाच्या शेडकडे पोहोचवावी. हे न केल्यास नवा डीव्हीही काही आठवड्यांत त्याच वाटेने जातो.

अनेक डब्यांचे, आणि विशेषतः मागच्या डब्यांचे ब्रेक धरत असतील, तर ब्रेक पाइपात शेवटपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही असे समजावे. शेवटच्या वाहनातील गेजवर निदान ४.८ किलो दिसायला हवेत. ते दिसत नसतील, तर मध्येच कुठेतरी अँगल कॉक (डब्याच्या टोकाशी पाइप बंद करणारी तोटी) अर्धवट मिटलेला असतो, किंवा दोन डब्यांना जोडणाऱ्या होज पाइपाचे आतले रबर सोलून वाट अरुंद झालेली असते, किंवा हवा गळत असते. बाहेरून धडधाकट दिसणारा होज आतून फाटलेला असू शकतो. अशा वेळी त्या होजच्या पुढचे डबे लवकर सुटतात आणि मागचे उशिरा, आणि हाच फरक त्याची जागा सांगतो. गळती शोधायला साबणाच्या पाण्याइतके साधे आणि खात्रीचे साधन दुसरे नाही. डीव्हीची रचनाच अशी असते, की ब्रेक पाइपातला दाब मिनिटाला ०.३ किलो इतक्या संथपणे उतरला तर त्याने ब्रेक लावू नये आणि ६ सेकंदांत ०.६ किलो उतरला तर लावलाच पाहिजे. त्यामुळे बारीक गळती एरवी लपून राहते, आणि लांब गाडीत अशा अनेक गळत्या एकत्र आल्या की ब्रेक पाइप भरून यायला वेळ लागू लागतो.

साखळी ओढल्यानंतरही असेच होते. साखळी ओढली की त्या डब्याच्या टोकाचा व्हॉल्व्ह ४ मिलिमीटरच्या छिद्रातून ब्रेक पाइपातली हवा बाहेर सोडतो, आणि तो डब्याबाहेरून पूर्ण रीसेट केला नाही तर हवा जातच राहते. इंजिनातला एअर फ्लो इंडिकेटर (ब्रेक पाइपात किती हवा जात आहे ते दाखवणारा) नेहमीपेक्षा वर राहिला असेल, तर आधी हीच शंका घ्यावी.

मालगाडीत याच्या जोडीला घाईचे कारण येते. इमर्जन्सी ब्रेकनंतर पाइप पूर्ण रिकामा होतो, आणि ५८-५९ वॅगनची गाडी भरून यायला वेळ लागतो. शिवाय मालगाडीच्या डीव्हीला ब्रेक सोडायलाच ४५ ते ६० सेकंद लागतात. इंजिनाच्या गेजवर ५ किलो दिसले म्हणून लगेच गाडी हलवली, तर मागच्या वॅगन धरलेल्या ब्रेकांसह ओढल्या जातात. शेवटच्या गेजचा दाब ट्रेन मॅनेजरकडून विचारून घेतल्याशिवाय अशी गाडी हलवू नये.

चाक तापले म्हणजे ब्रेकच धरला, असेही नाही. घाट उतरून आलेल्या गाडीची सगळी चाके तापलेली असतात, तो दोष नव्हे. एकच डबा बाकीच्यांहून वेगळा तापला असेल तर तो दोष. त्याहून जपून ओळखायचा फरक ब्रेक बाइंडिंग आणि हॉट ॲक्सल (तापलेले बेअरिंग) यांच्यातला आहे. चाकाची धाव (रुळावर टेकणारी कड) तापलेली आणि ॲक्सल बॉक्स तुलनेने गार असेल, तर ब्रेक धरला आहे. ॲक्सल बॉक्स तापलेला आणि धाव गार असेल, तर बेअरिंग जात आहे. त्या डब्याला ब्रेक सोडून पुढे नेण्याचा विचारही करू नये, आणि हे शक्यतो तापमान मोजणाऱ्या गनने तपासावे. ब्रेक बाइंडिंगमध्ये चाक अडून घसरले असेल, तर धावेवर सपाट भाग पडतो. प्रवासी डब्यात तो ५० मिलिमीटरपेक्षा आणि मालडब्यात ६० मिलिमीटरपेक्षा लांब असेल, तर चाक सेवेत ठेवता येत नाही.

प्रवासात चाकाजवळ धूर किंवा ठिणग्या दिसल्या, तर बहुधा तापलेल्या ब्रेकचा तो परिणाम असतो, डब्याला लागलेली आग नव्हे, ही गोष्ट प्रवाशांनाही माहीत असायला हवी. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात माहेजी आणि परधाडे यांच्या दरम्यान पुष्पक एक्सप्रेसमधील प्रवासी आगीच्या भीतीने शेजारच्या रुळावर उतरले, त्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली आणि किमान १२ जणांचा जीव गेला. एका डब्याचा ब्रेक वेळेवर सोडवण्याला मी इतके महत्त्व का देतो, ते या घटनेमुळेही आहे.

वाटेत दोष दूर झाला नाही, तर त्या डब्याचा डीव्ही आयसोलेट करून (ब्रेक पाइपापासून तोडून), सिलिंडर रिकामा करून आणि प्रत्येक ब्लॉक हाताने हलवून सैल झाल्याची खात्री करून गाडी पुढे न्यावी. तशी नोंद ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर (गाडीच्या ब्रेकशक्तीच्या दाखल्यावर) करावी आणि लोको पायलटला सांगावे, कारण तेवढी ब्रेकशक्ती आता कमी झालेली असते. शेवटच्या डब्याचा ब्रेक मात्र आयसोलेट ठेवता येत नाही.

पिटवर परतल्यावर, वारंवार तक्रार येणाऱ्या डब्यासाठी अदलाबदलीची चाचणी सर्वांत उपयोगी पडते. डीव्ही कॉमन पाइप ब्रॅकेटवर (सगळे पाइप जोडलेल्या चौकटीवर) बसवलेला असल्याने पाइप न सोडता काढता येतो. संशयित डीव्ही दुसऱ्या, निर्दोष डब्यावर बसवावा, त्याचा डीव्ही येथे बसवावा आणि दोन्ही डब्यांचे क्रमांक लिहून ठेवावेत. पुढच्या तीन-चार फेऱ्यांत तक्रार डीव्हीबरोबर दुसऱ्या डब्यात गेली, तर डीव्ही कार्यशाळेत पाठवावा. तक्रार याच डब्यात राहिली, तर स्लॅक ॲडजस्टर, पाइप, डर्ट कलेक्टर आणि साखळीचा व्हॉल्व्ह यांच्याकडे वळावे. सिंगल कार टेस्ट (एकट्या डब्याची ब्रेक चाचणी) घेताना ब्रेक लावून लगेच सोडण्यावर थांबू नये. डबा भरलेला असताना काय होते याचा अंदाज घेण्यासाठी प्रत्येक चाकापाशी ब्लॉकची फट मोजून लिहावी, आणि पुढच्या फेरीनंतर तीच मापे पुन्हा घेऊन दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात.